दाजींच्या फॉर्मवर खूण मी केली होती : पीएफच्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय भविष्य निर्वाह निधी आयुक्त
आणि केंद्रीय विश्वस्त मंडळाची सगळी मंडळी,
नवी दिल्ली

स.न.वि.वि.

पत्र मराठीत लिहितोय कारण हिंदीत लिहायला बसलो की दोन ओळीत माझी गाडी अडते. तुमच्याकडे महाराष्ट्रातले अधिकारी पुष्कळ आहेत, कुणीतरी वाचून सांगेल. नाहीच सांगितलं तर निदान आमच्याकडचे फॉर्म भरून देणारे, युनियनवाले आणि टाइम ऑफिसातली पोरं तरी वाचतील, आणि खरं सांगायचं तर त्यांनी वाचणं मला जास्त गरजेचं वाटतं.

मी कोण ते आधी सांगतो. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी २३ वर्षं टाइम ऑफिसला होतो. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफचं रिटर्न, कोण आला कोण सोडून गेला हे सगळं माझ्याकडे. २०१९ ला कंपनीने गाशा गुंडाळला, हिशोब हातात दिला, आणि मी ५३ व्या वर्षी घरी बसलो. तेव्हापासून गल्लीतल्या लोकांचे पीएफचे फॉर्म भरून देतो. पैसे घेत नाही, चहा घेतो. केवायसी अडकलंय, नावात स्पेलिंग चुकलंय, बापाचं नाव आधारवर वेगळं आणि पीएफला वेगळं, असल्या भानगडी रोजच्याच. त्यामुळे मला वाटायला लागलं होतं की पीएफमधलं सगळं आपल्याला कळतं, आणि त्याच गुर्मीत दाजींच्या फॉर्मवर चुकीच्या पेन्शनला खूण करायची ही चूक झाली.

माझी स्वतःची पेन्शन अर्ली म्हणजे लवकर घेतलेली पेन्शन आहे, ईपीएस-९५ या पीएफच्या पेन्शन योजनेची, आणि ती मी समजून उमजून घेतली. नियम तुम्हाला पाठ असणार पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो. पूर्ण पेन्शन ५८ ला. दहा वर्षं सर्व्हिस झाली असेल आणि नोकरी सुटलेली असेल तर ५० च्या पुढे कधीही लवकर मागता येते, पण ५८ ला जितकी वर्षं कमी तितके दर वर्षामागे ४ टक्के कापतात (२००८ च्या आधी हेच ३ टक्के होतं). आणि ही कात्री कायमची बरं का, ५८ पूर्ण झाले म्हणून कापलेलं परत मिळत नाही, हे निम्म्या लोकांना माहीतच नसतं, ते ५८ व्या वाढदिवसाला पासबुक घेऊन बँकेत जातात आणि तोंड पाडून परत येतात.

मी तेव्हा एका जुन्या मस्टरच्या मागच्या पानावर हिशोब मांडला होता. मला ५८ ला साधारण तीन हजार बसत होती. ५३ ला घेतली तर पाच वर्षांचे २० टक्के जाऊन चोवीसशेच्या आसपास. म्हणजे महिन्याला सहाशेचा तोटा. पण त्याच्या बदल्यात पाच वर्षं आधीपासून सुरू, साठ महिने गुणिले चोवीसशे म्हणजे १ लाख ४४ हजार हातात आधीच आले. सहाशेच्या हिशोबाने ते फिटायला २४० महिने, वीस वर्षं, म्हणजे मी ७८ चा होईपर्यंत माझा सौदा फायद्याचाच. आमच्या घराण्यात अठ्ठ्याहत्तरी बघितलेला एकही माणूस नाही, म्हटलं घ्या. बायको म्हणाली अशुभ बोलू नका. पण मुद्दा काय, की लवकर पेन्शन घेणाऱ्याला काहीतरी देऊन काहीतरी मिळतं, कापलेल्या पैशाच्या बदल्यात वर्षं मिळतात. धडधाकट माणसाने, ज्याला दुसरीकडे कुठे वॉचमन म्हणून, दुकानात, रिक्षावर चार पैसे मिळवता येतात, त्याने असा सौदा केला तर माझी काही तक्रार नाही.

आता दाजींचं ऐका.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. जून १९९८ पासून एकाच कंपनीत, प्रेस शॉपला. पॉवर प्रेस चालवायचे, आधी ४० टनाची, नंतर १०० टनाची. पंचवीस वर्षांत एक बोट गेलं नाही, आणि प्रेस शॉपमध्ये हे सांगण्यासारखं असतं, कारण तिथे जुना माणूस ओळखायचा तर लोक आधी हात बघतात. जानेवारी २०२३ ला सकाळची शिफ्ट करून घरी आले, जेवायला बसले आणि घास तोंडाकडे जाईना. ताईला वाटलं चेष्टा करताहेत. लकवा. उजवी बाजू गेली. वाचा दोन महिन्यांनी आली, पाय चार महिन्यांनी, काठी घेऊन चालतात, पण उजवा हात काही आला नाही. बोटं मिटलेलीच असतात, ताई रोज सकाळी कोमट तेल लावून एकेक बोट उघडते, संध्याकाळपर्यंत परत मूठ.

पगार २१ हजारांच्या वर गेलेला होता म्हणून ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) कधीच सुटलेलं. हा पण एक विनोद बघा, २१ हजारांच्या आत असते तर आजारपणाचे ७० टक्के ९१ दिवस मिळाले असते, आणि लकवा त्यांच्या मोठ्या आजारांच्या यादीत आहे म्हणून पुढे ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत ओढता आलं असतं. पगार चार पैशांनी वाढला आणि छत्री गेली. कंपनीचा मेडिक्लेम होता तो पहिल्या हॉस्पिटललाच संपला. मे २०२३ ला कंपनीने बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले राजीनामा लिहून द्या म्हणजे हिशोब लवकर करून टाकू. कारण काय लिहायचं, तर वैयक्तिक. दाजींनी डाव्या हाताने सही केली. वाकडीतिकडी, पोराने पहिल्यांदा पाटीवर ग काढावा तशी.

आणि मग पेन्शन मागायचा फॉर्म १०-डी माझ्याकडे आला.

मी बघितलं, वय ५२, सर्व्हिस पंचवीसला थोडी कमी, नोकरी सुटलेली. तिन्ही अटी बसताहेत. कुठली पेन्शन पाहिजे या रकान्यात मी जे माझ्या फॉर्मवर केलं होतं तेच केलं, लवकरची, कमी झालेली पेन्शन. त्याच रकान्यात खाली अपंगत्वाची पेन्शन पण होती. मला दिसली नाही असं नाही. दिसली. पण मी मनात म्हटलं, ती कायमच्या आणि संपूर्ण अपंगत्वाची आहे, दाजी चालतात, बोलतात, संडासला स्वतः जातात, पेपर वाचतात, म्हणजे संपूर्ण कुठे. संपूर्ण म्हणजे अंथरुणाला खिळलेला, असं माझ्या डोक्यात. आणि वर मेडिकल बोर्ड, डॉक्टरांच्या फेऱ्या, ताईची दमछाक, त्यापेक्षा ही पटकन होईल. झाली पण पटकन. मी ताईला म्हटलं बघ, माझं काम असतंय.

पुढे दीड वर्षांनी एका विधवा बाईचा फॉर्म अडला होता म्हणून मी ईपीएसची मूळ योजना काढून वाचायला बसलो, रात्री जेवण झाल्यावर. विधवा पेन्शनचा १६ वा परिच्छेद शोधत होतो आणि वाटेत १५ वा लागला. अपंगत्वाचा. त्यात लिहिलंय की सभासद कायमचा आणि संपूर्ण अपात्र आहे का हे तपासायचं ते कशासाठी, तर अपंगत्व आलं तेव्हा तो जे काम करत होता त्या कामासाठी. त्या कामासाठी! जगातल्या कुठल्याही कामासाठी नाही. दाजी प्रेस चालवायचे. प्रेसला दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणूनच तर बोटं वाचतात. एक हात मिटलेला माणूस प्रेसला अपात्र आहे हे सांगायला बोर्ड कशाला, माझ्या नातीला विचारा.

आणि पुढे त्याच परिच्छेदात आहे की ही पेन्शन अपंगत्व आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आयुष्यभर. ४ टक्क्यांची कात्री फक्त लवकरच्या पेन्शनला आहे, ह्या पेन्शनला नाही. दहा वर्षांची अट पण नाही, एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. मी ते तीनदा वाचलं. त्या रात्री झोप लागली नाही, बायकोला सांगायची हिंमत झाली ती पण दुसऱ्या दिवशी.

आता हिशोब करतो, तुम्हीच तपासा. सप्टेंबर २०१४ च्या आधीची सोळा सव्वासोळा वर्षं ६,५०० च्या मर्यादेने, नंतरची पावणेनऊच्या आसपास १५,००० च्या मर्यादेने, पगार गुणिले वर्षं भागिले ७०, सगळं धरून दाजींची पूर्ण पेन्शन चौतीसशेच्या आसपास यायला पाहिजे. लवकरची म्हणून सहा वर्षांची कात्री लागली, जवळजवळ चौथा हिस्सा गेला, खात्यावर पंचवीसशे आणि वर थोडे येतात. फरक आठशेच्या आसपास. तुमच्या दिल्लीत आठशेला काय येत असेल माहीत नाही, आमच्याकडे फिजिओवाला घरी यायचे एका वेळेचे तीनशे घेतो.

पण रक्कम सोडा, यातली खरी मेख वेगळी आहे. मी माझे सहाशे सोडले तेव्हा मला पाच वर्षं मिळाली. दाजींनी आठशे सोडले त्याच्या बदल्यात काय मिळालं? काहीच नाही. कारण अपंगत्वाची पेन्शन पण त्याच सुमाराला सुरू झाली असती, उलट आजाराच्या तारखेचा विचार केला तर चार महिने आधीच. म्हणजे दोन्ही पेन्शन एकाच वेळी दारात उभ्या होत्या, एक पूर्ण आणि एक कापलेली, आणि आम्ही कापलेली आत घेतली. याला सौदा म्हणत नाहीत. आणि हे इथेच थांबत नाही, उद्या दाजींचं काही बरंवाईट झालं तर ताईला त्यांच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे कापलेल्याची निम्मी. माझी एक खूण माझ्या बहिणीच्या म्हातारपणापर्यंत पोचली.

मी आमच्या भागातल्या ऑफिसात गेलो. साहेब चांगले बोलले, खोटं कशाला सांगू. फाइल बघितली, म्हणाले काका तुम्हीच लवकरची मागितलीत, त्याप्रमाणे पीपीओ (पेन्शनचा आदेश) निघाला, आता काय करायचं. मी म्हटलं साहेब माणूस नोकरीत असताना लकवा मारला, पेपर आहेत. ते म्हणाले राजीनाम्यात तर वैयक्तिक कारण आहे. आणि कंपनीने ऑनलाइन नोकरी सोडल्याचं कारण टाकलंय ते सेसेशन, म्हणजे नुसतंच नोकरी संपली.

इथे मला गप्प बसावं लागलं. कारण ती यादी मला चांगली माहिती आहे. नोकरी सोडल्याची तारीख टाकताना कारण निवडायचं असतं, त्यात सेसेशन असतं, सुपरॲन्युएशन (वय पूर्ण झालं) असतं, रिटायरमेंट, मृत्यू, आणि कायमचं अपंगत्व. मी टाइम ऑफिसात असताना माणूस कशाने पण गेला, टीबी होऊन गेला, कंबर गेली म्हणून गेला, डोळ्याने दिसेना म्हणून गेला, तरी सेसेशनच टाकायचो. सगळे तेच टाकतात. अपंगत्व निवडलं की चौकशी होईल, इन्स्पेक्टर येईल, असं आमच्या मॅनेजरने सांगितलेलं आणि आम्ही मान हलवली. किती लोकांचं असं केलं ते आता मोजता येत नाही. ज्यांच्या बाबतीत मला आठवतंय त्यातला एक तर डोळ्यांसमोरून हलत नाही, कंत्राटी पोरगा होता, २४ वर्षांचा, दुसऱ्याच महिन्यात चार बोटं गेली. ईएसआयसीने कामावरच्या अपघाताचं त्याचं बघितलं, पण पीएफचं काय, तर पीएफ काढायचा फॉर्म १९ भरून जे काही दोनअडीच हजार होते ते काढून तो बसने गावाला गेला. एक महिन्याची वर्गणी असली तरी पेन्शन मिळू शकते हे मला माहीत नव्हतं, ठेकेदाराला असण्याचा प्रश्नच नाही.

सरकारी नोकरीवाल्यांशी तुलना करायची माझी इच्छा नव्हती पण होतेच. आमच्या मागच्या गल्लीत एसटीचे ड्रायव्हर राहतात, त्यांची नजर अधू झाली, गाडी चालवायला अनफिट ठरले. त्यांना घरी नाही पाठवलं, डेपोत दुसरं काम दिलं, पगार तोच. कारण २०१६ च्या दिव्यांग कायद्याचं कलम २० सांगतं की सरकारी आस्थापनेने नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढायचं नाही, खालच्या पदावर टाकायचं नाही, दुसरं काम बघायचं, नसेलच तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये तेलंगणा एसटीच्या रंगांधळ्या ठरलेल्या ड्रायव्हरच्या बाजूने निकाल देताना पण म्हटलं, दुसरं काम शोधायची जबाबदारी महामंडळाची. चांगलंच आहे. पण तेच कलम भिंतीपलीकडच्या खाजगी कंपनीला लागत नाही. तिथे चहा, खुर्ची आणि वैयक्तिक कारण. म्हणून आमच्या लोकांना ईपीएसचा तो १५ वा परिच्छेद हाच काय तो आधार, आणि तोच कुणाला माहीत नाही.

काही लोक म्हणाले संजय गांधी निराधारला टाका. टाकून बघितलं. सिव्हिलला जाऊन दाजींचं प्रमाणपत्र काढलं, ६० टक्के आलं, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) पण आलं, पिवळी पट्टी असलेलं, दाजींनी ते पाकिटात आधारच्या पुढे ठेवलंय. पण तिथे कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं. ताई शिवणकाम करते, पोरगा एका दुकानात आहे, तहसीलला बसलेल्या भाऊसाहेबांनी बेरीज केली आणि कागद परत दिले. ऑक्टोबर २०२५ पासून राज्याने दिव्यांगांचं ते अनुदान दीड हजाराचं अडीच हजार केलंय, त्या लोकांना मिळतंय याचं माझ्या पोटात दुखत नाही, त्यांना आणखी मिळो. पण पंचवीस वर्षं कंपनीने पगारातल्या हिशोबातून दर महिन्याला वर्गणी भरलेल्या माणसाला पंचवीसशे आणि वर थोडे, आणि एक रुपया न भरता अडीच हजार, एवढ्या जवळ जवळ हे आकडे आलेत, हे तुम्ही मीटिंगमध्ये एकदा बोर्डवर लिहून बघा. केंद्राची जी दिव्यांग पेन्शन आहे ती तर अजून ३०० वरच आहे, आणि तिला ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषा दोन्ही लागतं. त्याबद्दल बोलायला वेगळं पत्र लागेल.

किमान पेन्शन हजाराची सप्टेंबर २०१४ पासून आहे तिथेच आहे, महागाई भत्ता नाही, साडेसात हजार करा म्हणून बुलढाण्यापासून दिल्लीपर्यंत म्हातारी माणसं उपोषणाला बसतात, ते तुम्हाला माहितीय, मी परत सांगत नाही. ते पैशाचं काम आहे, वरून ठरेल. माझं मागणं त्याच्या मानाने अगदीच बारकं आहे आणि त्याला बहुतेक पैसे पण फार लागणार नाहीत, कारण जी पेन्शन नियमाने द्यायचीच आहे ती द्या एवढंच आहे.

५० ते ५८ च्या मधल्या कुणीही लवकरची पेन्शन मागितली की त्याला एक प्रश्न विचारा. काम का सोडलं? बस. पोर्टलवर विचारा, काउंटरवर विचारा. आजाराने किंवा अपघाताने सोडलं असं म्हणाला की तिथल्या तिथे मराठीत, सोप्या मराठीत, त्याला दाखवा की बाबा ही दुसरी पेन्शन आहे, हिला कात्री नाही, हिला डॉक्टरांची तपासणी लागते, आता तू ठरव. आम्ही फॉर्म भरणारे लोक घाईत असतो, आम्हाला पण तो प्रश्न अडवेल. मला २०२३ ला कुणी विचारला असता तर मी हे पत्र लिहीत बसलो नसतो. आणि त्या रकान्यात जिथे संपूर्ण अपंगत्व लिहिलंय तिथे कंसात सहा शब्द वाढवा, अपंगत्व आलं तेव्हा करत असलेल्या कामासाठी. माझ्यासारखे अर्धवट शहाणे तिथेच फसतात.

कंपनीने सेसेशन टाकलं म्हणून माणसाचा हक्क जाऊ नये. हॉस्पिटलचे कागद, हजेरीत शेवटचा दिवस कधीचा, सिव्हिलचं प्रमाणपत्र, हे बघून तुमच्या अधिकाऱ्याला ठरवता आलं पाहिजे. राजीनाम्यातल्या वैयक्तिक कारणाला काडीचा अर्थ नसतो हे एमआयडीसीत चहा पिणाऱ्या कुणालाही विचारा.

आणि ज्यांनी चुकून लवकरची घेतलीय, पण नोकरीत असतानाच अपंगत्व आल्याचे कागद आहेत, त्यांना ती बदलून घ्यायची वाट लेखी द्या. हे काही मी हवेतून बोलत नाही. आमच्या सोसायटीतल्या एकांचा जावई न्यू जर्सीत आहे, तो दिवाळीला आला होता तेव्हा गच्चीवर बसून त्याने मला त्यांच्याकडचं सांगितलं, मी नंतर वाचून पण बघितलं. तिकडे पण सेम दोन दारं आहेत. ६२ ला लवकरची पेन्शन घेता येते, १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्याचं पूर्ण वय ६७, म्हणून ६२ ला घेतली तर ३० टक्के कापतात, आणि ते पण कायमचे. पण माणूस कामाला अपात्र ठरला तर त्याला वयाची कात्री न लावता पूर्ण रक्कम, आणि ६७ झाले की तीच रक्कम म्हातारपणाची म्हणून चालू राहते. तिकडची तपासणी महाकठीण, बहुतेकांचा पहिला अर्ज नाकारतात, पहिले पाच महिने काही देत पण नाहीत, म्हणजे ते काही स्वर्ग नाही. पण एक गोष्ट त्यांची मला आवडली. तिकडे अपंगत्वाचा अर्ज लटकलेला असताना ६२ च्या पुढचा माणूस लवकरची चालू करून घेऊ शकतो, पोटाला काहीतरी पाहिजेच ना, आणि नंतर अपंगत्व मंजूर झालं की त्याला वरच्या रकमेवर घेतात, मधला फरक पण देतात. एका दारातून आत आला म्हणून दुसरं दार बंद होत नाही. जावई म्हणाला काका तिकडे लोक दोन्ही एकदमच भरतात. मी म्हटलं आमच्याकडे एकच भरतात, आणि तो पण मी भरतो.

आत्ता हे करायला वेळ पण बरी आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात, जुन्या योजना नवीन कायद्याच्या साच्यात परत लिहायच्या आहेत, म्हणजे पेन तुमच्या हातात आहेच. १५ वा परिच्छेद लिहिताना दोन ओळी वाढवा.

आणि तो २७ तारखेचा कार्यक्रम, दर महिन्याला जिल्ह्याजिल्ह्यात घेता तो, निधी आपके निकट, चांगला आहे, मी जातो, पंख्याखाली जागा मिळते. पण तिथे कायम केवायसी, यूएएन आणि नॉमिनेशन हेच चालतं. एकदा एखाद्या २७ तारखेला फक्त अपंगत्वाच्या पेन्शनवर बोला. प्रेस शॉप, फाउंड्री, केमिकल, जिथे माणसं मोडतात तिथे जाऊन बोला. मी येईन, खुर्च्या लावतो.

दाजींना मी सगळं सांगितलं, माझी चूक म्हणून सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले अरे तू नसता तर तेवढी पण नसती सुरू झाली. ताईने मात्र दोन दिवस माझ्याशी नीट बोलणं ठेवलं नाही आणि ते बरोबरच आहे.

या नोव्हेंबरला त्यांचा हयातीचा दाखला करायला गेलो होतो. पहिल्या वर्षी सेंटरवाल्या पोराने अंगठ्याच्या मशीनवर उजवा हात मागितला होता, ताईने सवयीने मूठ उघडायला घेतली, एक बोट, दुसरं बोट, मागे लाइन लागलेली, शेवटी मीच म्हटलं डावा चालतो रे. यंदा मोबाइलवर चेहऱ्याने केला, डोळे मिटून उघडा म्हणाला, दाजींनी उघडले, झालं. पीपीओ नंबर टाकताना स्क्रीनवर पेन्शनचा प्रकार येतो. दाजी वाकून बघत होते. मला म्हणाले, इथे बदलता येतंय का बघ.

दाजींचा अर्ज, हॉस्पिटलच्या डिस्चार्जचा कागद, सिव्हिलचं प्रमाणपत्र आणि मे २०२३ चा तो राजीनामा, सगळ्याच्या झेरॉक्स वेगळ्या रजिस्टर पोस्टाने पाठवल्यात. अर्जावरची सही डाव्या हाताची आहे, बँकेतल्या जुन्या सहीशी जुळणार नाही, तेवढ्यावरून परत पाठवू नका.

आपला,
एक अर्ली पेन्शनवाला
(पूर्वी टाइम ऑफिस)